तिला जमलं, मला का नाही?

आहार-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 36, उंची पाच फूट दोन इंच. मी मानेवाड्याला राहते, खासगी शाळेत शिकवते. डिसेंबरात दिराचं लग्न होतं. त्याआधी एका अभिनेत्रीची मुलाखत पाहिली. तिनं दहा दिवस फक्त लिंबू-मधाचं पाणी आणि फळांचे रस घेऊन वजन उतरवलं होतं. नोव्हेंबरात मीही तसंच केलं. 72 चे 68 किलो झाले, लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. पण नंतर भूक आवरेना. रुखवताचे लाडू रात्री उठून खाल्ले. आता वजन 74 आहे. महिनाभरापासून केस पुंजक्यांनी जातायत, पाळी पुढे-मागे होते. सासूबाई म्हणतात, "काहून बाप्पा उपाशी मरून राहिली?" तरी पुन्हा तेच करावंसं वाटतं, कारण एकदा तरी वजन उतरलं होतं. माझ्यात जिद्द कमी आहे का? तिला जमलं, मला का नाही?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : पुन्हा ते करू नका. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुमच्या 74 किलोंपेक्षा मला पत्राच्या शेवटच्या तीन ओळींची काळजी वाटली.

"एकदा तरी वजन उतरलं होतं" असं तुम्ही म्हणता. काय उतरलं, त्याचा हिशेब मांडू. एक किलो चरबी जळायला साधारण 7,700 कॅलरींची तूट लागते. चार किलो चरबी दहा दिवसांत जायची तर रोज 3,000 कॅलरींहून जास्त तूट हवी. तुमच्या वयाच्या, उंचीच्या, दिवसभर वर्गात उभं राहणाऱ्या बाईचं शरीर अख्ख्या दिवसात खर्चच 1,900 च्या आसपास करतं. म्हणजे तुम्ही दहा दिवस पाण्याचा थेंबही न घेता काढले असते, तरी चार किलो चरबी जाणं शक्य नव्हतं. रस आणि मधाच्या पाण्यातून तुम्हाला 600 कॅलरी मिळाल्या असं धरलं, तर जास्तीत जास्त दीड-पावणेदोन किलो. तेही सगळं चरबीचं नाही, त्यात स्नायूही गेले.

उरलेलं बहुतेक पाणी. यकृतात आणि स्नायूंमध्ये शरीर 400-500 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं थांबलं की हा साठा पहिल्या दोन-तीन दिवसांत संपत येतो, पाणी सुटतं, काटा झपाट्यानं खाली येतो. पोळी-भात सुरू झाला की तो साठा परत भरतो, पाणीही परत येतं. लग्नाच्या पंगतीत बसल्यावर वाढलेले पहिले दोन किलो हेच होते. तुम्ही मात्र ते स्वतःच्या माथी मारून घेतले.

आता जिद्दीबद्दल. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांवर उपासमारीचा अभ्यास केला. सगळे स्वेच्छेनं आलेले. त्यांना 24 आठवडे रोज सुमारे 1,570 कॅलरी मिळत होत्या. बघा, तुमच्या रसांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांचं वजन पाव हिश्श्यानं घटलं, आणि ती माणसं दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागली. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कुणी ताटातलं अन्न तासन्‌तास चिवडत बसे. प्रयोग संपल्यावरही कित्येकांची भूक लवकर ताळ्यावर आली नाही. रात्री दोन वाजता लाडवाच्या डब्याकडे तुमचे पाय वळले, ते याच कारणानं. उपाशी ठेवलेलं शरीर स्वतःला वाचवत होतं. सासूबाईंनी नेमकं हेच विचारलंय.

राहता राहिली ती अभिनेत्री. लिंबू-पाण्यावर दहा दिवस काढायचा हा प्रकार जुना आहे. 1940 च्या दशकात स्टॅन्ली बरोज नावाच्या अमेरिकन गृहस्थानं लिंबाचा रस, मेपल सिरप आणि लाल तिखट पाण्यात घालून तो सुरू केला. 2006 च्या एका चित्रपटासाठी अमेरिकन गायिका-अभिनेत्री बियॉन्सेनं तो केला आणि जगभर त्याचं पेव फुटलं. चित्रपट संपल्यावर तिचं वजन परत वाढलं, हे तिनंच सांगितलं होतं. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आपल्याकडे 'दंगल'साठी आमिर खाननं 97 किलोंपर्यंत वजन वाढवून पुन्हा उतरवलं, तेव्हा ट्रेनर आणि आहारतज्ज्ञ त्याच्या पाठीशी होते, आणि व्यायाम हेच त्या काळातलं त्याचं काम होतं. मुलाखतीत दहा मिनिटांत लिंबू-पाणी सांगून होतं. स्वयंपाकी, ट्रेनर, रक्ततपासण्या, झोपेला मिळणारा वेळ हे सांगायचं राहून जातं. तुम्ही सकाळी सहाला डबे भरता, स्कूटीनं शाळेत जाता, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेता. तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट उचलून तुमच्या आयुष्यात आणली, ती टिकणार कशी? म्हणून "मला का नाही" हा प्रश्न मला मुळात मान्यच नाही.

केसांचं सांगते. शरीराला उपासमारीचा असा धक्का बसला की केसांची मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. तुमचा काळ बरोबर जुळतो. असे केस बहुतेक वेळा परत येतात, पुरेसं खाणं सुरू असलं तर. पण पाळीही बिघडलीय, म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) या तपासण्या या आठवड्यात करून घ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आधीच काठावर असलेली बाई दहा दिवस डाळ-भाजीशिवाय राहिली तर काय होणार! झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खायचं काय? माझ्याकडे येणाऱ्या बायका हे विचारताना वही उघडून बसतात, ओट्स आणि अव्होकाडो लिहायच्या तयारीनं. वही मिटा. आपल्या विदर्भाच्या ताटात सगळं आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, जवसाची चटणी, ताक. कमी पडतं ते प्रथिन. तुम्हाला रोज 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, आणि वाटीभर शिजलेल्या वरणात ती सहा-सात ग्रॅमच असतात. म्हणून दोन्ही जेवणांत वरण किंवा उसळ मोठी वाटी घ्या, भाकरी एखादी कमी चालेल. दही, पनीर, सोयाबीन वड्या, चालत असतील तर अंडी यांतलं काहीतरी रोज हवंच. झुणका करा, पण तेलाचा हात आवरा.

तर्री-पोहा सोडायला मी सांगणार नाही. नागपुरात राहून ते कुणाला महिनाभरही जमत नाही. रविवारी खा. घरी केलात तर पोहे कमी आणि चण्याची उसळ जास्त घ्या, वरचा तेलाचा तवंग काढून टाका. सावजीचंही तसंच, महिन्यातून एकदा, रश्श्यापेक्षा फोडी जास्त. आणि संत्री! सध्या मृग बहाराची संत्री आहेत बाजारात. रस काढू नका, सोलून खा. ग्लासभर रसाला चार-पाच संत्री लागतात, ती दोन मिनिटांत पोटात जातात आणि चोथा फेकला जातो. एक संत्रं शांतपणे खाल्लं तर पोटाला आधार होतो.

सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास झपझप चाला. आठवड्यातून दोन-तीनदा घरीच खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. गेलेले स्नायू याशिवाय परत येणार नाहीत. महिन्याला दीड ते दोन किलो उतरले की पुरे. तुमच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे पावणेचार किलो कमी झाले आणि टिकले, तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभ्या राहा. कंबर मोजा, आपल्याकडे स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

रात्रीचं खाणं दोन महिन्यांतही थांबलं नाही, किंवा खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटली, तर ते लपवू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

प्रश्न : वय 61, मधुमेह 12 वर्षांपासून. ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या घेतो. मुलगा एका क्रिकेटपटूचं पाहून कीटो (पोळी-भात जवळपास बंद, तूप-पनीरसारखं स्निग्ध भरपूर) करतो, मलाही चल म्हणतो. करू का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : काका, तुमच्या गोळ्या चालू असताना मुळीच नाही. ग्लिमेपिराइड घेऊन पोळी-भात एकदम बंद केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं. डापाग्लिफ्लोझिनबरोबर कीटो केल्यास रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) वाढून अ‍ॅसिडोसिस (रक्त धोकादायक आम्लयुक्त होणं) होऊ शकतो, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही, म्हणून तो ओळखायला उशीर होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात शरीर आधीच कोरडं पडतं, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. भात-पोळी थोडी कमी करायची असेल तरी आधी गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मळमळ, पोटदुखी किंवा धाप लागली तर साखरेचा आकडा ठीक दिसला तरी थेट रुग्णालयात जा, आणि कोणत्या गोळ्या घेता ते तिथे सांगा. मुलालाही हा मजकूर वाचायला द्या.