उरलेल्या सिक लीव्ह फिरायला वापरल्या तर त्यात चूक काय?

तुमचा प्रश्न असा: कंपनी वर्षाला ७ सिक लीव्ह देते, उरलेल्या ३१ डिसेंबरला बुडतात, तुमची तब्येत ठणठणीत आहे, आणि टीममधले बरेच जण वर्षअखेरीला "ताप आहे, येत नाही" एवढा मेसेज टाकून गोवा-अलिबाग करून येतात. मग आपल्याच हक्काच्या रजा आपण का बुडू द्यायच्या?

मी चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात आधी टाइम ऑफिसला आणि नंतर एचआरला बरीच वर्षं काढली. रजेचे अर्ज, मस्टर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पगार कापला म्हणून भांडायला आलेली माणसं, हेच माझं काम होतं. त्यावरून सांगते: आजारी नसताना सिक टाकू नका. कंपनीचं नुकसान होईल याची मला काळजी नाही, तेवढ्यानं कुठली कंपनी बुडत नाही. पण खोट्या आजारपणाची वसुली शेवटी खऱ्या आजारी माणसाकडून होते. हे मी इतक्या जवळून पाहिलंय की या प्रश्नावर गप्प बसवत नाही.

आमच्याकडे कोकणातली माणसं बरीच होती. गणपती आले की त्यांना गावी जायचंच असायचं, आणि का जाऊ नये? घरचा गणपती आहे, म्हातारे आईवडील वाट बघतायत. पण पीएल, म्हणजे काम भरून कमावलेली भरपगारी रजा, मागितली की सुपरवायझर म्हणायचा, "एका लाइनवरचे चौघं एकदम कसे सोडू?" मग रजा नाकारलेले ते चौघं बरोबर चतुर्थीच्या आदल्या दिवशी आजारी पडायचे. लाइन तर थांबत नाही. पहिली पाळी संपवून बसकडे निघालेल्या माणसाला गेटवरून परत बोलवायचं, दुसऱ्या पाळीला उभं करायचं. त्याच्याही घरी गणपती असायचाच.

दोन-तीन गणपती असे गेले आणि वरून सर्क्युलर आलं. एक दिवसाच्या सिकलाही डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, नसेल तर दिवस बिनपगारी. गावी जाणाऱ्यांना त्याचा काही त्रास झाला नाही. ओळखीच्या डॉक्टरकडून "व्हायरल फीवर, ५ दिवस विश्रांती" अशी चिठ्ठी घेऊन ते येऊ लागले. त्रास झाला तो असेंब्लीतल्या एका बाईला. तिला अर्धशिशी होती. महिन्यातून एखाद्या दिवशी डोकं असं उठायचं की उजेड सोसायचा नाही, पोटात पाणी ठरायचं नाही. सर्क्युलरच्या आधी ती सकाळी सुपरवायझरला फोन करायची, गोळी घ्यायची, खिडकीवर चादर टाकून दिवसभर पडून राहायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. तिच्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. सर्क्युलरनंतर मात्र त्याच अवस्थेत रिक्षात बसायचं, दवाखान्यात भक्क ट्यूबलाइटखाली बाकावर तास-दीड तास नंबर लावायचा, पदराने डोळे झाकून घ्यायचे, वर फी भरायची. एकदा चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवताना ती म्हणाली, "मॅडम, औषध घरातच होतं हो. मी फक्त कागद आणायला गेले होते."

तुमच्या ऑफिसात आज नुसत्या मेसेजवर सिक मिळते. ती सोय कुणीतरी आजवर खरं बोलल्यामुळे टिकली आहे. डिसेंबरात निम्मी टीम तापाने फणफणलेली दिसली की ती सोय सगळ्यात आधी जाते. मग केमोथेरपीवरून आलेल्या सहकाऱ्यालाही मॅनेजर तोच प्रश्न विचारतो, "नक्की काय होतंय?"

आता "हक्काच्या" या मुद्द्याकडे येते, कारण तिथे बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. अगदी छोटी सोडली तर आपल्याकडच्या बहुतेक खासगी ऑफिसांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ लागू होतो. त्यात वर्षाला ८ दिवस सीएल, म्हणजे किरकोळ रजा आहे. ती तिमाहीप्रमाणे जमा होते आणि वर्षाअखेर बुडते. वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा मिळते, हीच पीएल, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सणांच्या ८ पगारी सुट्ट्या वेगळ्या. सिक लीव्ह नावाची वेगळी रजा मात्र या कायद्यात नाहीच. तुम्हाला ज्या ७ मिळतात त्या कंपनीने स्वतःच्या पॉलिसीत दिलेल्या आहेत, "आजारी पडलात तर" या अटीवर. पीएल तुम्ही काम करून कमावलेली असते, तिचा हिशेब तुमच्या हजेरीतून निघतो. ती घेऊन तुम्ही मालवणला जा नाहीतर घरी लोळत पडा, कारण विचारायचं काम नाही. सिकचं तसं नाही. तिथे कारण हाच तिचा पाया आहे. ज्या वर्षी तुम्ही आजारी पडला नाहीत, त्या वर्षी तुमचं काही गेलं नाही.

तरीही सगळा दोष माणसांवर ढकलणं मला पटत नाही. डिसेंबरात येणारा ताप रजेच्या रचनेतून येतो. जे बुडणार आहे ते माणूस वापरणारच. राज्य सरकारच्या नोकरीत बघा. १९८१च्या रजा नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याच्या खात्यात वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. आजारपणात डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडून ती पूर्ण पगारावर घेता येते. तिला परिवर्तित रजा म्हणतात, आणि तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. पण उरलेली रजा वर्षाअखेर बुडत नाही, साठत जाते. माझी मोठी बहीण सरकारी कार्यालयात होती. तिच्या ऑपरेशनच्या वेळी हीच साठलेली रजा कामाला आली. तिथे डिसेंबरात रजा संपवण्याची घाई करायचं कारणच नव्हतं, उलट एकेक दिवस जपायचं कारण होतं. खासगी कंपन्यांनी सिक निदान काही वर्षं पुढे नेऊ दिली, तर निम्मी खोटी आजारपणं आपोआप बंद होतील असं मला वाटतं. मी नोकरीत असताना मिटिंगांमध्ये हेच मांडत राहिले.

माझा भाचा जर्मनीत आहे, तिथली रीत त्याच्याकडून ऐकून मला फार आवडली. सुट्टीवर असताना माणूस आजारी पडला आणि त्याने डॉक्टरचं प्रमाणपत्र दिलं, तर ते दिवस त्याच्या सुट्टीतून कापत नाहीत, आजारपणात धरतात. सुट्टी विश्रांतीसाठी आहे आणि तापात विश्रांती होत नाही, हे तिथल्या कायद्यानेच मान्य केलंय. आपल्याकडे लोक सुट्टी आजारपणात लपवतात, कारण सुट्टी उघडपणे मागितली की ती मिळेलच याचा भरवसा नसतो.

तुमचा पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असाल, तर प्रकरण आणखी गंभीर होतं. तिथे आजारपणाचे पैसे कंपनी देत नाही, विमा देतो. पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि त्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हा पैसा तुमच्यासारख्याच कामगारांच्या आणि मालकांच्या वर्गणीतून जमतो. माझ्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या १९४८च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की हा लाभ घेत असताना माणसाने उपचाराखाली राहायचं आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तो भाग सोडून जायचं नाही. आमचा एक ऑपरेटर कंबरदुखीची विश्रांती घेऊन गावच्या जत्रेला गेला आणि पालखी खांद्यावर घेतलेला त्याचा फोटो कुणीतरी स्टेटसला ठेवला. तो फोटो फिरत फिरत प्लांट हेडपर्यंत गेला. चार्जशीट, डोमेस्टिक इन्क्वायरी म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी, सगळं झालं. मला जास्त वाईट वाटलं ते पुढचं. वर्षभराने त्याची कंबर खरोखर धरली, स्लिप डिस्क निघाली, आणि एमआरआयचा रिपोर्ट हातात असूनही त्याच्यावर कुणी पटकन विश्वास ठेवेना.

चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचाही विचार करा. नोंदणीकृत डॉक्टरने दिलेल्या प्रमाणपत्रांचं वेगळं रजिस्टर ठेवायचं असतं, त्यात पेशंटची सही किंवा अंगठा, पत्ता आणि अंगावरची एखादी खूण लिहायची असते, प्रत जपून ठेवायची असते. खोटं प्रमाणपत्र दिल्याचं सिद्ध झालं तर मेडिकल कौन्सिल त्याचं नाव यादीतून काढू शकते. ओळखीतल्या माणसाला "एक चिठ्ठी द्या ना" म्हणताना आपण त्याच्याकडून एवढं मोठं काहीतरी मागत असतो.

पण आजारपण म्हणजे नुसता ताप असं मी मुळीच म्हणत नाही, आणि इथे बरेच प्रामाणिक लोक उगाच स्वतःला छळतात. आठवडाभर झोप नाही, छातीत धडधडतंय, सकाळी उठून कामावर जायच्या विचाराने रडू येतंय, हे आजारपणच आहे. सिक टाका आणि डॉक्टरकडे जा. पाळीच्या पहिल्या दिवशी उभं राहवत नसेल तर सिक टाका. दाढ काढायची आहे, डोळ्याचं ऑपरेशन आहे, रक्त तपासणीला अर्धा दिवस जाणार आहे, तेही त्यातच येतं. सर्दी-खोकल्याने भरलेलं नाक घेऊन ऑफिसला जाऊन आणखी चौघांना आजारी पाडण्यापेक्षा घरी राहणं केव्हाही चांगलं. कारण सांगताना सगळा तपशील द्यायची गरज नाही. "तब्येत बरी नाही, आज येऊ शकत नाही, उद्या सकाळपर्यंत कळवते" एवढं पुरतं.

मधला एक प्रकार उरतो. मुलाला गोवर उठलाय किंवा आई दवाखान्यात आहे, सीएल संपलेली आहे, आणि सिक शिल्लक आहे. आईबाप अशा वेळी "मला ताप आहे" असं लिहून टाकतात. मी म्हणेन, खरं कारण लिहा आणि विचारा: "मुलगा आजारी आहे, माझी सिक यासाठी लावता येईल का?" मी स्वतः असे अर्ज मंजूर करून घेतले आहेत आणि बहुतेक मॅनेजर अशा वेळी नाही म्हणत नाहीत. दोन-चार असे खरे अर्ज फायलीत लागले की पॉलिसी बदलून घ्यायला आधार मिळतो. आमच्याकडे "कुटुंबातल्या आजारपणासाठीही" हे शब्द पॉलिसीत आले ते अशाच अर्जांमुळे. खोट्या तापाच्या मेसेजांनी ते कधीच आले नसते, कारण घरात आजारी माणूस असल्याची नोंद मग कुठेच होत नाही.

आता तुमच्यापुरतं बोलते. तुम्हाला सुट्टी हवी आहे, आणि ती हवीच असते माणसाला. तर आधी पीएलचा शिल्लक आकडा बघा. बऱ्याच जणांच्या खात्यात पीएल पडून असते आणि मागायची भीती वाटते म्हणून ते सिक वापरतात. तारखा लवकर ठरवा आणि किमान पंधरा दिवस आधी मेलवर अर्ज टाका. तोंडी विचारू नका. तोंडी विचारलेल्याला तोंडीच नकार मिळतो आणि त्याचा कुठे पुरावा राहत नाही. दुकाने व आस्थापना कायद्यात पंधरा दिवस आधी मागूनही रजा नाकारली, तर ४५ दिवसांच्या वर गेलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क दिलेला आहे, म्हणून अर्जाची तारीख महत्त्वाची. नकार आला तर "मग कोणत्या तारखा चालतील?" हे त्याच मेलच्या उत्तरात विचारा. आमच्या कारखान्यात पुढे गणपतीच्या रजांची यादी जून महिन्यातच लावायला घेतली: या वर्षी लाइनवरचे दोघं चतुर्थीला जातील, दोघं गौरी-विसर्जनाला, पुढच्या वर्षी उलट. त्यानंतरच्या गणपतीत आजारपणं एकदम कमी झाली. तुमच्या टीममध्ये नाताळच्या आठवड्यासाठी अशीच यादी सप्टेंबरात करायला लावा, मॅनेजर स्वतःहून करत नसेल तर तुम्ही कागद तयार करून त्याच्या हातात द्या.

आणि पॉलिसीच बदलून हवी असेल तर टीममधल्या पाच-सहा जणांनी मिळून एचआरला एकच मेल लिहा. दोन गोष्टी मागा: उरलेली सिक पुढच्या वर्षी नेता यावी, किंवा सिक आणि सीएल एकत्र करून कारण न विचारता घेता येणारी एकच रजा करावी. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच कंपन्या दुसरा मार्ग धरतात. फक्त एकत्र करताना एकूण दिवस कमी होत नाहीत ना, हे नीट तपासा, कारण तिथेच कात्री लागते. मेल नोव्हेंबरच्या आत गेला पाहिजे, पुढच्या वर्षाची लीव्ह पॉलिसी बहुतेक ठिकाणी डिसेंबरात पक्की होते.