उवांचं गिऱ्हाईक येऊन गेल्यावर फण्या-ब्रश कसे धुवायचे

अगं, एवढी घाबरू नकोस. पार्लर चालवायचं म्हटल्यावर उवांचं डोकं कधीतरी खुर्चीत बसणारच, शाळा सुरू झाल्या की तर हमखास. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांच्या वर जगत नाही, आणि लिखांनाही टाळूची ऊब लागतेच.

आधी फण्यांत अडकलेले केस काढून टाक. मग साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने फण्यांचे दात घास, लिखा तिथेच चिकटून बसतात. त्यानंतर कडक गरम पाणी, निदान ५५ अंश, आणि त्यात ५ ते १० मिनिटं सगळं बुडवून ठेव. गिझरच्या पाण्यावर विसंबू नकोस, गॅसवर तापव. खळखळतं मात्र ओतू नकोस, प्लास्टिकच्या फण्या वाकतात. नुसत्या डेटॉलच्या पाण्याने जंतू मरतील, उवांची खात्री नाही. क्लिपा, रबरबँडही त्याच पाण्यात टाक.

लाकडी फणी आणि रबरी गादीचा ब्रश भिजवायचा नाही. गादीत पाणी शिरतं आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही, बुरशी धरते. हे पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेव. केस कापायचं मशीन पाण्यात घालू नकोस. प्लग काढून ब्रशने केस झाड, पाती पुसून घे.

टॉवेल, एप्रन गरम पाण्यात धू. खोलीभर झुरळांचा स्प्रे मारायची मुळीच गरज नाही, उलट तुलाच त्रास होईल.

आणि त्या बाईंना बाजूला घेऊन हळूच सांग, चारचौघांत नको.