फोमच्या आर.सी. विमानाचा पंख घासून त्यावर फायबरग्लास चढवावं का?

एक मीटर पंखाचं, 6 मिमी फोमशीटचं, साधारण सहाशे ग्रॅमचं पहिलंच आर.सी. म्हणजे रेडिओ रिमोटने उडवायचं विमान. तीन शीट एकावर एक चिकटवायच्या, घासून ‘खऱ्या’ विमानासारखा पंख काढायचा, वर फायबरग्लास, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून, चढवायचं, आणि एवढ्या मेहनतीचं चीज होईल का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते होणार नाही.

तुमच्या पंखाची रुंदी 20 सेंमी धरू, वेग ताशी 36 किमी. म्हणजे रेनॉल्ड्स आकडा (पंखाची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा, हवा पंखावरून कशी वाहील हे सांगणारा आकडा) सव्वा-दीड लाखाच्या आसपास. एवढ्या खालच्या आकड्याला जाड, गुळगुळीत पंखाचा फायदा बराच आटतो आणि सपाट फळीसुद्धा बऱ्यापैकी उडते. त्यापेक्षा खालची शीट पूर्ण आणि वरची फक्त पुढच्या अर्ध्या भागात, असा पायरीचा पंख करा. क्लाइन आणि फोगलमन या अमेरिकन जोडगोळीने 1972 मध्ये या पायरीचं पेटंट घेतलं होतं. विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून पंख तपासायच्या बोगद्यात, तिचा निकाल फारसा चमकला नाही, पण आपल्याला काही विक्रम करायचाच नाहीये. पंख ताठ होतो, वेग कमी पडला तरी विमान एकदम कोसळत नाही, आणि हे सगळं एका जादा शीटच्या तुकड्यात. पुढची कड मात्र पॉलिश पेपरने नक्की गोल करा. दहा मिनिटांच्या मानाने सगळ्यात जास्त परतावा तिथे आहे.

आता फायबरग्लास. पंखाच्या दोन्ही बाजू मिळून 0.4 चौरस मीटर. चौरस मीटरला 25 ग्रॅमचं बारीक कापड आणि तेवढ्याच वजनाचं रेझिन धरलं तरी 20 ग्रॅम वाढले. नवख्या हाताला रेझिन हटकून जास्त लागतं. ते एपॉक्सीच हवं. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्मोकोल किंवा डेप्रॉनसारख्या फोमशीट विरघळवून टाकतं, साध्या फेविक्विकचंही तेच. ताकदच हवी असेल तर 6 मिमीची कार्बन नळी पंखातून घाला, 25 ग्रॅमच्या आत काम होतं, आणि पुढच्या कडेवर पॅकिंग टेप. पडल्यावर टेप सोलून नवी लावता येते. फायबरग्लासखालचा चेपलेला फोम दुरुस्त करणं म्हणजे डोक्याला ताप.

शेपटीला तर फायबरग्लासचा विचारही नको. शेपूट गुरुत्वमध्यापासून (विमान जिथे टेकवलं तर तोल राहतो त्या बिंदूपासून) 60 सेंमी आणि नाक 20 सेंमी असेल, तर मागे वाढलेल्या 10 ग्रॅमला तोलायला पुढे 30 ग्रॅम शिसं लागतं. दिसायला छान शेपूट, आणि विमान 40 ग्रॅमने जड!

वाचलेला वेळ कुठे घालायचा? पंख आणि शेपूट एकमेकांना समांतर बसली का ते पुनःपुन्हा मोजण्यात. बिजागऱ्या सैल नकोत, त्यांच्या फटी टेपने बुजवा. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर आणा. 20 सेंमीला 5 ते 6 सेंमी. हे चुकलं तर पंख कितीही देखणा असो, पहिल्या उड्डाणातच मातीत.

डोंगरउतारावरच्या वाऱ्यात बिनमोटरचं ग्लायडर उडवायचं असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथे वारा कापून पुढे जायला वेग लागतो, थोडं वजनही चालतं, आणि घासलेल्या पंखाचा फरक खरंच जाणवतो. पण तसले पंख घासत बसण्यापेक्षा वीज सोडून तापवलेल्या नायक्रोमच्या तारेने फोमच्या ठोकळ्यातून कापावेत. साचे आणि तार ताणून धरायची धनुकली करायला वेळ जातो खरा, दुसऱ्या पंखापासून तो वसूल व्हायला लागतो.