एचटीबीटीला परवानगी मिळाली तर विदर्भात कापूस दुप्पट होईल का? आणि विदेशी कापसावरचं शुल्क काढल्यानं आपला भाव नेमका किती पडतो?

(प्रश्नाचा गोषवारा: घाटंजीकडे दहा एकर कोरडवाहू वावर. बातम्यांत एक शास्त्रज्ञ म्हणतो एचटीबीटी द्या, उत्पादन दुप्पट. दुसरा म्हणतो ते विष आहे. तिकडे अमेरिकेनं आपल्या मालावर शुल्क लावलं, इकडे सरकारनं बाहेरच्या कापसावरचं काढलं. यातलं खरं किती, आणि येत्या खरिपात काय पेरावं?)

भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि बातम्या नेमक्या तिन्हींची खिचडी करतात. मी सुटे सुटे घेतो.

दुप्पट होणार नाही. एचटीबीटी म्हणजे बोंडअळी मारणाऱ्या बीटी जनुकांसोबत तणनाशक सोसणारं एचटी जनुकही घातलेला कापूस. एचटी जनुकामुळे पऱ्हाटी (कापसाचं झाड) ग्लायफोसेट हे तणनाशक सोसते, बोंडं वाढत नाहीत. ग्लायफोसेट झाडातलं ईपीएसपीएस नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतं. ते बंद पडलं की झाडाला काही अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि झाड मरतं. एचटी कापसात त्या विकराची जिवाणूकडून घेतलेली, ग्लायफोसेटला न जुमानणारी आवृत्ती घातलेली असते. फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. जुलैत झड लागली, डवरा (कोळपं) वावरात शिरत नाही, निंदायला बाया मिळत नाहीत, अशा वर्षी पहिल्या साठ दिवसांत तण माजलं तर पीक हातचं जातं. तिथं हे जनुक पीक वाचवतं. पण ज्याचं निंदण-डवरण वेळेवर होतं त्याची फक्त मजुरी वाचते, क्विंटल वाढत नाहीत.

आता बातमीत न येणारी गोष्ट. आपल्याकडे पऱ्हाटीत सहा-आठ ओळींनंतर तुरीची एक-दोन तासं असतात. तुरीत ते जनुक नाही. वरून ग्लायफोसेट मारलं की तूर गेली, मूग-उडीद गेला, वारा असेल तर धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचं सोयाबीनही गेलं. निंदणाची वाचलेली मजुरी मोजताना गेलेली तूर कुणी वजा करत नाही. कोरडवाहू कास्तकाराला कापूस बुडाल्यावर तूरच हात देते.

आणि आज गावात 'चोर बीटी' (बेकायदा एचटीबीटी) म्हणून मिळतं ते बियाणं नेमकं काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. संकरित वाणाच्या एकाच पालकात एचटी जनुक असेल तर पहिल्या पिढीतलं प्रत्येक झाड तणनाशक सोसतं. पण त्याच पिकाची सरकी पाकिटात भरून दुसऱ्या वर्षी विकली तर चारातल्या एका झाडात ते जनुक येत नाही. फवारणीनंतर आठ-दहा दिवसांत एक चतुर्थांश झाडं पिवळी पडून मेली, तर समजा की दुसऱ्या पिढीची सरकी गळ्यात मारली. उरलेल्या झाडांतही उंची, बोंडाचा आकार, फुटण्याची वेळ सगळं वेगवेगळं.

बोंडअळीचं म्हणाल तर एचटीबीटीमध्ये जुनीच दोन बीटी जनुकं आहेत. पहिलं बोलगार्ड २००२ मध्ये आलं, दोन जनुकांचं बोलगार्ड-२ (बीजी-२) हे २००६ मध्ये. गुलाबी अळीनं दोन्ही पचवली आणि २०१७ मध्ये विदर्भानं ते भोगलं. ही अळी सरकी खाते, आणि आपण संकरित वाण लावतो. संकरित झाडाच्या एकाच बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखं नसतं. काहींत दोन्ही जनुकं, काहींत एकच, काहींत एकही नाही. अळीला जणू मात्रेमात्रेनं विष पचवायची सवय लावल्यासारखं झालं. अमेरिका, ऑस्ट्रेलियात सरळ (बिगरसंकरित) वाण लावतात, तिथं प्रत्येक सरकीत पूर्ण विष असतं. त्यात आपण जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली पऱ्हाटी) ठेवून अळीला वर्षभर घर दिलं.

परवानगी का अडली, हे विज्ञानापेक्षा पैशाचं जास्त आहे. २०१५ च्या डिसेंबरात केंद्रानं कापूस बियाण्यांच्या किमतीवर नियंत्रण आणलं. पाकिटामागं बीटी तंत्रज्ञानाच्या मालक कंपनीला जाणारं शुल्क १६३ रुपयांच्या आसपास होतं, ते २०१६ मध्ये ४९ वर आणलं आणि पुढं कमी करत २०२० मध्ये शून्य केलं. एचटीबीटीच्या परवानगीचा अर्ज ते बियाणं आणणाऱ्या कंपनीनं २०१६ मध्येच मागं घेतला. म्हणजे मधल्या बऱ्याच वर्षांत 'सरकार परवानगी देत नाही' ही ओरड चालू होती, तेव्हा परवानगी मागणाराच माघारी गेला होता. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं जाहीरपणे ते पेरलं, बातमी झाली, पण विनापरवाना जीएम (जनुकबदल केलेलं) बियाणं पेरायला मनाई करणारे पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ आणि त्याखालचे १९८९ चे नियम जागच्या जागी आहेत. जीएम मोहरीचंही तसंच: जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल वेगवेगळा लागला. माझं मत विचाराल तर, चाचण्या पूर्ण करून हो किंवा नाही असं एकदाचं सांगावं. आज बंदी फक्त कागदावर आहे आणि धोका पूर्ण कास्तकाराच्या डोक्यावर. ग्लायफोसेट विष आहे का, तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, हे खरं. पण तुमच्या दृष्टीनं जवळचा धोका वेगळा आहे: कापसासाठी त्याची शिफारस नाही, म्हणून मात्रा दुकानदार तोंडी सांगतो. नाल्याच्या गढूळ पाण्यात ते मातीला चिकटून निकामी होतं, तण मरत नाही, मग लोक मात्रा वाढवतात, सोबत कीटकनाशक मिसळतात. मिश्रणं, माथ्यापर्यंत गेलेली पऱ्हाटी आणि उघडं अंग यांतून काय होतं हे यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये पाहिलं. वीसहून जास्त माणसं दगावली.

मग ब्राझीलला एवढं पिकतं कसं? आपली सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) आसपास आहे, त्यांची अठराशेच्या पुढं. बातमीवाले याचं श्रेय सरळ जनुकाला देतात. तुम्ही झाडं मोजा. चार फूट बाय दीड फुटावर एकरी ७,२६० झाडं बसतात. ९० सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटरवर जवळपास ३०,०००. दाट लावलेलं झाड बुटकं ठेवतात, त्याला आठ-दहाच बोंडं येतात, पण ती एकदमच येतात आणि पीक १५० दिवसांत संपतं. आपलं मोठं झाड ऑक्टोबरनंतर, वावरातली ओल संपल्यावर, बोंडं भरत बसतं. तिथंच उतारा जातो.

मग आपण दाट का लावत नाही? बियाण्याच्या पाकिटामुळं. २०२५ च्या हंगामात बीजी-२ चं ४७५ ग्रॅमचं पाकीट ९०१ रुपयांना होतं. एकरी दोन पाकिटं म्हणजे १,८०२. दाट लागवडीला पाच-सहा लागतात, म्हणजे साडेचार ते साडेपाच हजार फक्त बियाण्याला, तेही कोरडवाहूत, दुबार पेरणीची टांगती तलवार असताना. सरळ वाणाची सरकी घरची ठेवता येते, म्हणून त्याच्यात हा खर्च येत नाही, आणि म्हणूनच ते विकण्यात कुणाला फारसा रस नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचं मिशन जाहीर झालं. त्यात सरळ वाणाचं बियाणं किती तयार होतं, एवढीच गोष्ट मी बघेन.

आता भाव. हा हिशेब एकदा वहीत लिहून ठेवा, मग बातमी वाचायला कुणाची गरज नाही. एक क्विंटल कापूस जिनात (सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीत) गेला की साधारण ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि दोन किलो घट निघते. रुईचा भाव खंडीत सांगतात, खंडी ३५६ किलोची. समजा खंडी ५४,००० आहे: रुई किलोला १५२ रुपये, ३४ किलोचे ५,१६८. सरकी ३५ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २,२४०. बेरीज ७,४०८. यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा म्हणून ३०० ते ४०० काढा. खेडा खरेदीवाला सात हजारांच्या आसपास का बोलतो ते कळेल. (आकडे समजण्यापुरते धरलेत, त्या दिवशीचे टाका.)

बाहेरच्या कापसावर फेब्रुवारी २०२१ मध्ये ११ टक्के शुल्क लागलं होतं. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. अमेरिकेचं ५० टक्के शुल्क २७ ऑगस्टला लागलं, आणि कापडगिरण्यांना कच्चा माल स्वस्त पडावा हा सरकारचा युक्तिवाद होता. ११ टक्के म्हणजे किती? बाहेरची रुई पौंडाला ७५ सेंट आणि डॉलर ८८ रुपये धरा: किलोला १४५ रुपये, त्याचे ११ टक्के १६. गुणिले ३४ किलो, म्हणजे तुमच्या क्विंटलमागं ५४० रुपये. ही वरची मर्यादा. जहाजभाडं, माल यायला लागणारा वेळ, यामुळं प्रत्यक्ष फटका त्याहून कमी बसतो. पण आपली पहिली वेचणी बाजारात यायची आणि हे गठ्ठे बंदरात उतरायचे महिने एकच होते, राग येतो तो त्याचा.

सरकीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. सरकी किलोमागं पाच रुपयांनी पडली की क्विंटलला ३२० रुपये गेले. ती तेल आणि ढेपेच्या भावावर चालते. मे २०२५ अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केलं. आणि मक्या-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, पशुखाद्यात ढेपेची जागा घेतो. कापसावरच्या शुल्कासाठी रास्ता रोको होतो, खाद्यतेलाच्या अधिसूचनेसाठी एक निवेदनही जात नाही.

हमीभाव २०२५-२६ ला लांब धाग्याला ८,११० आणि मध्यमला ७,७१० होता. तो गाठायचा तर सीसीआयच्या (हमीभावानं खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या) मीटरवर ओलावा ८ टक्क्यांच्या आत पाहिजे. त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापतात, १२ च्या वर गाडी परत. ११ टक्के निघाला तर ८,११० चे ७,८६७ झाले. दव सुकल्यावर वेचा, ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हं द्या, खताच्या प्लॅस्टिक पिशवीत भरू नका (तिचे धागे रुईत जातात आणि प्रत पडते), कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी ठेवा.

पेरायचं काय? दहा एकरांत बरड (हलकी) किंवा मध्यम जमीन असेल तर तिथल्या दोनच एकरांत सरळ वाण ९० बाय १५ वर लावून पाहा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही ०८१ किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं सुरज. बिगरबीटी असेल तर हिरव्या बोंडअळीवर नजर ठेवावी लागेल. खोल काळ्या जमिनीत हे करायला जाऊ नका. तिथं वाढरोधक मेपिक्वाट क्लोराईड ४५ व्या दिवसाच्या आसपास चुकलं की पऱ्हाटी माजते, आत हवा जात नाही आणि बोंडं सडतात. तिथं १५०-१६० दिवसांचा बीजी-२ संकरित वाण ९० बाय ३० वर, सोबत तूर.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर. तणासाठी परवानगी असलेलं औषध आहेच: पेरल्यापासून ४८ तासांत, ओल्या जमिनीवर पेंडीमेथॅलीन ३८.७ टक्के सीएस एकरी ७०० मिली, दोनशे लिटर पाण्यात, मागं सरकत फवारायचं म्हणजे थरावर पाय पडत नाही. कोरड्या ढेकळांवर मारलं तर पैसे मातीत. सलग पऱ्हाटी असेल तर पुढं तण दोन-तीन पानांवर असताना पायरिथायोबॅक सोडियम आणि क्विझालोफॉपचं तयार मिश्रण एकरी ४०० ते ५०० मिली चालतं. पऱ्हाटी आठवडाभर पिवळसर दिसते, मग सावरते. तुरीच्या तासावर ते जाऊ देऊ नका, तिथं डवरा आणि निंदणच.

४५ व्या दिवशी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) दिसल्या, तर फवारणीची वेळ झाली. बाहेरून बोंड बघून कळत नाही, अळी आत शिरली की भोक बुजतं. वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं फोडा, दोनांत अळी म्हणजे हद्द ओलांडली. एकच शिफारशीचं औषध घ्या, मिश्रण नको, आणि नोव्हेंबरआधी सिंथेटिक पायरेथ्रॉइड टाळा, पांढरी माशी उसळते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून श्रेडरनं बारीक करा. धुऱ्यावर गंजी रचली तर सुप्तावस्थेतल्या अळ्या तिथंच पुढचा जून गाठतात.

बियाणं पक्क्या बिलावर घ्या. बिलावर लॉट नंबर आहे ना बघा. रिकामं पाकीट, त्यावरचं लेबल आणि मूठभर सरकी हंगाम संपेपर्यंत ठेवा, कारण उगवलं नाही किंवा भेसळ निघाली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीसमोर तेवढाच पुरावा चालतो. चोर बीटीला हे काहीच नसतं.