'आनंद निवडा' की 'आनंद करा'?

प्रश्न असा आला आहे : ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) महिला मेळाव्याच्या पत्रिकेवर 'कठीण काळात आनंद निवडा' असं छापायचं ठरलं आहे. एका भगिनीला 'निवडा' खटकतं. दुसऱ्या म्हणतात, मग बायबलमधलं 'आनंद करा' तरी कुठे मराठी आहे? आनंद होतो, आनंद वाटतो. तो करतं कोण?

पहिल्या भगिनीचं खटकणं रास्त आहे. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो, मतदानाला गेलो की उमेदवार निवडतो. दर वेळी पुढ्यात काही ना काही पसरलेलं असतं आणि त्यातलं हवं ते आपण वेगळं काढतो. पण ज्या घरात नुकतं माणूस गेलं आहे, किंवा पीक हातचं गेलं आहे, त्या घरच्या सुपात आनंदाचा दाणाच नसतो. तिथे 'निवडा' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, तो समोर होता आणि मीच उचलला नाही. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय काढून पाहा. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालेलं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. निवडण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तो एकेक वस्तू मोजून सांगतो आणि मग म्हणतो, 'तरी मी परमेश्वराच्या ठायी' हर्ष करीन. सगळा भार त्या 'तरी'वर आहे.

आता 'आनंद करा'. मराठीत भावना दोन वाटांनी बोलली जाते. 'मला दुःख झालं' यात मी काही केलेलं नाही, दुःख माझ्यावर येऊन पडलं. पण भेटायला आलेली बाई पाठीवर हात ठेवून म्हणते, 'दुःख करू नका, ताई.' झालेलं दुःख ती नाकारत नाही, करत बसण्याचं तेवढं थांबवू पाहते. काळजी वाटते, आणि काळजी करतो. धीर येतो, आणि धीर धरतो. राग येतो, आणि राग धरतो. येणं आपल्या हातात नाही, धरणं-करणं आहे. म्हणून आज्ञा दुसऱ्याच वाटेने देता येते. 'तुला धीर येवो' हा आशीर्वाद झाला, 'धीर धर' हे सांगणं. दुःख करता येतं, तर आनंद करता यायला व्याकरणाची काहीच आडकाठी नाही. कानाला तो अनोळखी वाटतो तो एवढ्यासाठी, की दुःख करण्याची आपल्याला सवय जास्त.

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:४ हे वचन असं : 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.' मूळ ग्रीक क्रियापद 'खैरेते'. त्याचा कर्ता माणूस असतो, आनंद नव्हे; आणि ते चालू राहणाऱ्या कृतीचं आज्ञार्थी रूप आहे, म्हणजे करत राहा. (हेच क्रियापद ग्रीक लोक एकमेकांना भेटल्यावर अभिवादन म्हणूनही वापरत.) 'आनंदी राहा' बोलायला सोपं पडतं, पण त्यात मनाच्या एका अवस्थेत राहायला सांगितल्यासारखं होतं. 'करा' म्हटलं की हाताला काम मिळतं. लिहिणारा पौल बेड्यांत होता. याच फिलिप्पै शहरात पूर्वी त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून आतल्या तुरुंगात टाकलं होतं, पाय खोड्यात अडकवले होते, आणि मध्यरात्री ते दोघं प्रार्थना करत स्तुतिगीतं गात होते, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे. पाठ सोललेली असताना त्यांना आनंद 'होत' होता, असं मला वाटत नाही. ते तो करत होते.

याकोबाच्या पत्रात तिसरं क्रियापद येतं : नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा 'आनंदच माना'. 'आहे त्यात आनंद मान' या आपल्या बोलण्यात हार पत्करल्याचा सूर असतो, म्हणून हे वचन कित्येकांना रुचत नाही. मी त्यांना 'मानलेला भाऊ' आठवायला सांगतो. तो रक्ताचा नसतो, पण राखी खरी असते आणि अडीनडीला धावून येणंही खरं असतं. मानणं म्हणजे नाटक करणं नव्हे. मानलं की नातं लागू होतं.

पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्तीसदन या आपल्या निराधार स्त्रियांच्या आश्रमात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणत होत्या. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही होत नाहीत तोच पती गेले. अखेर १९२१च्या जुलैत एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. हातातलं काम पुरं करणं हेही आनंद 'करणं'च, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटतं.

आमच्या शेजारच्या काकू, काका गेल्यानंतरचं सबंध वर्ष, भांडी घासताना एकच गीत म्हणत. दुसऱ्या कडव्याला आवाज फुटायचा. नळ बंद करून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायच्या. वर्षश्राद्धाच्या ऐवजी घरी स्मरणप्रार्थना झाली, तेव्हा साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना म्हणाल्या, 'मला आनंद होत नव्हता. मी करत होते. आता कधी कधी होतो.' तिन्ही वाक्यांत क्रियापदं किती नेमकी पडली आहेत!

तर भगिनींनो, पत्रिकेवर 'कठीण काळातही प्रभूमध्ये आनंद करा' असं छापा. ओळ लांब होते म्हणून 'प्रभूमध्ये' गाळू नका. ते गाळलं तर दुःखी माणसाला नुसतं 'आनंद करा' म्हटल्यासारखं होईल, आणि ते ऐकवणार नाही. जागा कमीच पडली तर अक्षर बारीक करा.