टेम्पो भरण्याआधी एक फोन कर

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री उशिरा वाचला. पुण्यात तुमच्या वसतिगृहाच्या खालच्या हॉलमध्ये कपड्यांच्या सात गोण्या जमल्यात, बिस्किटांचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके येतायत, शनिवारी टेम्पो सीना नदीच्या पुरात सापडलेल्या गावांकडे न्यायचं ठरलंय. आणि आता तुमच्यातल्याच एकानं विचारलंय, की हे सगळं न्यायचं कशाला, पैसेच गोळा करून पाठवूया की! त्यावरून दोन तट पडलेत. "ताई, एका वाक्यात सांगा," असं तू लिहिलंस. एका वाक्यात सांगते: पैसे पाठवा. पण एवढंच लिहून थांबले तर तू त्या गोण्यांकडे बघत बसशील आणि तुला वाटेल, चार दिवस केलेली धावपळ पाण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९३ साली मी तुझ्याच वयाची होते, सोलापुरात शिकत होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. आम्ही मैत्रिणी त्याच दिवशी गल्लीत घरोघर फिरून कपडे मागायला लागलो. लोकांनी भरभरून दिले. त्यात चांगल्या साड्या होत्या, विटलेले शर्ट होते, एका पायातली चप्पलही होती. काही दिवसांनी ते घेऊन उमरगा तालुक्यातल्या एका गावात पोचलो, तर देवळापुढे आमच्याआधी आलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला होता. कुणी त्याला हात लावत नव्हतं. आम्ही आमच्या गोण्या त्याच ढिगाच्या कडेला ठेवल्या. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, पत्रे आणलेत का? ताडपत्री तरी?"

त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं आणि आम्ही सदरे घेऊन गेलो होतो. परतीच्या एसटीत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आम्ही गल्लीतल्या प्रत्येक घराला विचारलं होतं, त्या म्हाताऱ्याला सोडून. आज बत्तीस वर्षांनी तुला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळं त्याचा तपशील.

हे काही एकट्या किल्लारीत झालं नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये रस्त्यांच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली, तीही २० लाखांहून कमी लोकसंख्येसाठी. बहुतेकांवरची अक्षरं तिथल्या डॉक्टरांना वाचता येत नव्हती, कित्येकांची मुदत संपत आलेली होती, आणि ती नष्ट करायचा खर्च त्या खचलेल्या प्रांताच्या माथी आला. २०१५ च्या भूकंपात काठमांडूच्या विमानतळाला मोठी धावपट्टी एकच होती, आणि जगभरातून आलेलं सगळं सामान तिथूनच उतरायचं होतं. न मागितलेलं सामान नुसतं वाया जात नाही, मागितलेल्या सामानाची वाट ते अडवतं. ते उतरवायला माणसं लागतात, निवडायला लागतात, ठेवायला कोरडी जागा लागते. गावात कोरडी जागा म्हणजे शाळा. म्हणजे तुमच्या गोण्या शाळेत राहणार आणि शाळा भरायची लांबणार.

पाण्याचंच बघ. १०,००० लिटर पाणी बाटल्यांमधून न्यायचं तर ते १० टन वजन होतं, एक ट्रक भरतो. एक लिटरची बाटली २० रुपयांना धरली तर २ लाख रुपये झाले, भाडं आणि हमाली वेगळी. तेवढंच पाणी एका मोठ्या टँकरमध्ये मावतं आणि तो टँकर पूर न आलेल्या शेजारच्या गावातल्या विहिरीवर भरता येतो. आणि बाटल्यांचा कचरा पुन्हा ओढ्यातच जातो. पहिल्या एक-दोन दिवसांत, माणसं छतावर अडकलेली असताना, बाटल्यांना पर्याय नसतो हे मला मान्य आहे. पण तुमचा टेम्पो पोचेल तेव्हा पाणी उतरून बरेच दिवस झालेले असतील. तेव्हा लागतं ते पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर, ब्लीचिंग पावडर, खराटे, फावडी, घमेली. घरातला गाळ वाळून दगड व्हायच्या आत काढावा लागतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला पूर आला तेव्हा मी शिरोळ तालुक्यात एका शाळेत सामान निवडायच्या कामावर होते. राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता, आणि तो उघडल्यावर मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. माणसं खरोखर मनापासून आली होती. रात्री दोनला येऊन, गाडी उतरवून, चहाही न घेता परत फिरणारी मुलं मी पाहिलीत आणि त्यांना कधीही नावं ठेवणार नाही. पण एक बाई तीन दिवस रोज यायची आणि काही न घेता जायची. चौथ्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "साड्या लई आल्यात बाई, पर परकर कुठाय? झंपर कुठाय? आतलं कपडं कुणी आणलंय का?" पाचवारी साडी परकराशिवाय नेसता येत नाही, हे गोण्या भरणाऱ्या शंभर जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला तरी कुठं सुचलं होतं? तिथून सर्वांत जवळच्या बाजाराच्या गावी दुकानं उघडली होती. आम्ही त्या संध्याकाळी जवळच्या पैशांतून परकर, निकर, सॅनिटरी पॅड आणि झंपराचं कापड आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं संपलं.

पैशाचं बळ हे असं असतं. तो उद्या कशाचंही रूप घेऊ शकतो. आज परकर, परवा विहिरीतलं गाळमिश्रित पाणी उपसायला डिझेल, पुढच्या आठवड्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीचं रिवाइंडिंग. या वस्तू कुणीही टेम्पोत भरून पाठवणार नाही, आणि सीनाकाठी आत्ता नेमक्या त्याच लागतायत. यंदा तिथं नुसती पिकं बुडाली नाहीत, काही ठिकाणी जमीनच खरवडून गेली. वर दगडगोटे राहिले. त्या शेतकऱ्याला माती हवी, जेसीबीचे तास हवेत, रब्बीसाठी ज्वारी-हरभऱ्याचं बी हवं.

आणखी एक गोष्ट. कुर्डुवाडी, बार्शी इथले बाजार चालू आहेत. तांदूळ, तेल, साबण तिथं मिळतं. तुम्ही पुण्यातून किराणा नेलात तर भाड्यात पैसे जातात, आणि ज्याच्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं होतं त्या गावच्या किराणावाल्याचा धंदा उभा राहायचा तो राहत नाही. त्याच्याकडून, किंवा निदान तालुक्याच्या बाजारातून, खरेदी केली तर तोच रुपया दोन घरांना पोचतो. शक्य असेल तिथं कुटुंबाच्या खात्यात थेट पैसे द्यावेत, असं माझं मत आहे. "पैसे दिले तर दारूत जातील," असं तुमच्यातला कुणीतरी म्हणेलच. घरातल्या बाईच्या खात्यावर द्या. आणि ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांच्याबद्दल बोलताना हा संशय पहिल्या वाक्यात येऊ देऊ नका. आपल्याला काय लागतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आठ दिवस रांगेत उभं राहून दुसऱ्यानं निवडलेलं घेतल्यावर, स्वतः दुकानात जाऊन "हे नको, ते द्या" म्हणता येणं ही किती मोठी गोष्ट असते, ते मी लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय.

वस्तू कधीच नेऊ नयेत असं मात्र मी म्हणत नाही. बाजारात नसलेली गोष्ट पैशानं येत नाही. कडब्याच्या गंजी भिजून कुजल्या की आसपास चारा विकत मिळत नाही. तेव्हा पूर न आलेल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी कडबा किंवा मुरघास भरून गाडी नेली तर तिची सर कशालाच येणार नाही. उमरग्याकडच्या त्या म्हाताऱ्याला त्या दिवशी पैसे दिले असते तरी त्याला गावात पत्रा कुठे मिळणार होता? मुलांची पुस्तकं वाहून गेली असतील आणि शिक्षकांनी इयत्तेनुसार यादी दिली असेल, तर वह्या-पुस्तकं जरूर न्या. यादी तिकडून आली पाहिजे, एवढंच. जुन्या कपड्यांचंही काम करता येतं, पण ते फावल्या वेळचं काम नाही. 'गूंज' ही संस्था १९९९ पासून तेच करतेय. कपडे धुऊन, निवडून, मापाप्रमाणे लावून ती पाठवते. गावकरी आपल्याच गावात रस्ता, तळं, विहीर असं काही ठरवून श्रमदान करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. हात पसरून घेतलेला कपडा आणि कमावलेला कपडा यांत फार अंतर आहे.

आता पैसे द्यायचे कुणाला? मुख्यमंत्री सहायता निधी आहेच, आणि ज्यांना शोधाशोध करायला वेळ नाही त्यांनी तिथं द्यावेत. पण सरकारी मदत पंचनाम्यामागून येते, आणि शेतीची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावामागून. शेत बटाईनं करणारा, ऊसतोडीला जाणारा, दुसऱ्याच्या रानात खुरपणारी, नवऱ्याच्या माघारी जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर असलेली, या लोकांचं नुकसान कागदावर येतच नाही. तुमच्यासारख्यांचा थोडका पैसा मी या माणसांसाठी राखून ठेवीन. त्यांची नावं तहसील कचेरीत मिळणार नाहीत. ती अंगणवाडी सेविकेला, आशाताईला, बचत गटाच्या अध्यक्षबाईंना तोंडपाठ असतात. म्हणून संस्था निवडताना मोठं नाव बघू नकोस. पुराच्या आधीपासून त्या भागात कोण काम करत होतं, आणि दिवाळीनंतरही कोण असणार आहे, ते विचार. नोंदणी, लेखापरीक्षण, पावती हे तर बघायचंच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका. २०२० मध्ये पीएम केअर्सशी मिळत्याजुळत्या नावांचे खोटे यूपीआय पत्ते तयार झाले होते आणि चांगली शिकलेली माणसं त्यांना फसली. कुणी करसवलतीचं विचारलं तर सांग, वस्तूंवर ती मिळत नाही आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिली तरी मिळत नाही.

तुम्ही स्वतः वर्गणी गोळा करणार असाल तर एक लक्षात ठेव. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी काढावी लागते, आणि मदतनिधीला त्यातून आपोआप सूट मिळते असं समजू नका. त्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर देणाऱ्यानंच परस्पर भरावेत, हे सोपं आणि स्वच्छ. तुमच्यापैकी कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर एक रुपया येऊ देऊ नका. पुढे हिशोबावरून चांगल्या मैत्र्या तुटताना मी पाहिल्यात.

जमलेल्यातले निम्मेच पैसे आत्ता द्या. उरलेले दिवाळीनंतर द्या. तोवर बातम्या थांबलेल्या असतात, गाड्या यायच्या बंद झालेल्या असतात, आणि सावकाराकडे जायची वेळ तेव्हाच येते.

राहिल्या त्या सात गोण्या. आज त्या उघडा आणि एकेक कपडा हातात घेऊन बघा. उद्या हा मी अंगात घालीन का, एवढं विचारायचं. जे बाजूला पडतील ते भंगारात द्या, त्याचे चार पैसे येतील तेही त्याच खात्यावर जाऊ देत. चांगले उरतील ते धुऊन, बाईचे-पुरुषाचे-मुलांचे वेगळे करून, बाहेर माप लिहून ठेवा. कपड्यांचंच काम करणारी संस्था पुण्यात ते घेते का विचार. बिस्किटं आणि पाणी वसतिगृहाच्या मेसला मूळ किमतीत विका. देणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगा, लपवू नका. तुमची मुलं यामुळे खट्टू होतील, मला माहीत आहे. त्यांना काहीतरी हातानं करायचंय आणि ती ओढ मला फार मोलाची वाटते. तर आठ-दहा जणं एसटीनं जा, रबरी बूट आणि स्वतःचं अंथरूण-जेवण घेऊन, आणि चार दिवस शाळेतला गाळ काढा. पण गावानं "या" म्हटलं तरच.

मोडनिंबजवळच्या एका गावच्या अंगणवाडी सेविकेचा नंबर तुला वेगळा पाठवते. सकाळी अकराच्या आत फोन कर, नंतर त्या पोषण आहाराच्या कामात असतात. आपण काय आणतोय ते सांगायला सुरुवात करू नकोस. आधी त्यांना बोलू दे आणि वही जवळ ठेव. टेम्पोवाल्याला आज रात्रीच कळव, म्हणजे त्याचं दुसरं भाडं बुडणार नाही.

फोन झाला की मला सांग. उद्या मी घरीच आहे.

तुझी,
ताई