राराला जाताना घाई घरी ठेव

अगं वेडे,

नेपाळमधल्या रारा तळ्याला जायचं ठरवलंस हे वाचून बरं वाटलं, पण तू पाठवलेला कार्यक्रम बघून हसूच आलं. घर ते घर सहा दिवस! त्यात एक दिवस तळं, एक दिवस मुर्मा टॉपचा डोंगर आणि मोकळा दिवस एकही नाही. आणखी चार दिवसांची रजा मिळत असेल तर जा, नाहीतर सरळ पुढच्या वर्षी जा.

नेपाळगंजहून राराजवळच्या ताल्चाला जाणारं विमान अगदी छोटं असतं. खिंडी मोकळ्या दिसल्या तरच ते उडतं, तेही सकाळी, कारण दिवस वर आला की डोंगरात वारा सुटतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन दिवस विमानतळावरच काढले. वजनकाट्यावर माझ्या सॅकच्या पुढे एका बाईंचा नवाकोरा प्रेशर कुकर आणि पत्र्याची पेटी होती. उड्डाण रद्द झाल्याचं कळल्यावर मी काउंटरवर वाद घालायला गेले. परत येऊन बघते तर बाई त्याच पेटीला टेकून शांतपणे लसूण सोलत बसलेल्या. त्यांना घरी जायचं होतं आणि मला परतीचं तिकीट होतं, एवढाच काय तो फरक. तिसऱ्या दिवशी पोहोचले, एक रात्र राहिले आणि तळ्याचा एक कोपरा बघून परत फिरले. तुझ्या कार्यक्रमात नेमकं हेच होणार आहे.

दुसरा रस्ता सुर्खेतहून. कर्णाली राजमार्ग जुम्लापर्यंत २३२ किलोमीटर आहे आणि त्यावर नाग्म्याला राराजवळच्या गमगढीचा फाटा फुटतो. आकडा छोटा वाटतो, पण जीपमध्ये दोन दिवस हाडं खिळखिळी होतात. तरी जाताना रस्ता आणि येताना विमान, असं मी सुचवेन. नेपाळगंज सपाटीला, ताल्चा सुमारे २,७०० मीटरवर आणि तळं २,९९० वर. विमान तुला तासाभरात तिथे नेऊन टाकतं. जीपने गेलीस तर अंगाला हळूहळू सवय होते. सह्याद्रीत तू एका दिवसात दोन किल्ले करतेस. ते पाय इथेही चालतील, पण छातीला वेळ द्यावा लागेल. पहिल्या दिवशी तळ्यापर्यंत चाल, गरम काहीतरी पी आणि झोप. डोकं ठणकायला लागलं आणि सोबत उलटी झाली तर हट्ट न करता खाली उतर.

दुसरा दिवस पूर्ण फेरीसाठी ठेव. तळं जवळपास पाच किलोमीटर लांब आहे; थांबत-थांबत गेलीस तर सहज दिवस जातो, आणि थांबायचंच आहे. सकाळी सातला काठावर जा. वारा नसतो. पाण्यावर पडलेल्या चीडाच्या (पाइनच्या) सुया जिथे पडल्या तिथेच असतात, आणि त्यांच्या खाली तळाचे दगड मोजता येतात. मग अचानक काठापासून चार पावलांवर निळा रंग काळपट होतो, कारण पुढे तळ्याची खोली १६७ मीटरपर्यंत जाते. उन्हं चढली की वारा येतो आणि हे सगळं पुसलं जातं. बाटलीच्या झाकणाखाली बर्फ जमला होता, तरी मी तिथून हलले नव्हते.

या पाण्यात असला नावाच्या माशाच्या तीन जाती आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. तेव्हा काठावर साबण काढायचा नाही, ‘थोडासाच’ म्हणूनसुद्धा नाही.

काठ एवढा रिकामा का, हा प्रश्न तुला पडेल. १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा इथली रारा आणि छाप्रू ही गावं उठवून लोकांना तराईत वसवलं गेलं. उद्यान आहे अवघं १०६ चौरस किलोमीटरचं, नेपाळच्या हिमालयातलं सगळ्यात लहान. पण ज्यांचं घर त्यात गेलं त्यांना आकाराचं काय? ‘किती शांत आहे ना’ असं कुणा इथल्या, मुगु जिल्ह्यातल्या माणसाला म्हणण्याआधी हे ध्यानात ठेव. वाटाड्या तिथलाच घे.

मुर्मा टॉप तिसऱ्या दिवशी. चढ दमवणारा आहे, पण वरून अख्खं तळं एका नजरेत मावतं. चुचेमारा हा तिथला डोंगर ४,०३९ मीटरचा आहे. तो या खेपेला डोक्यातून काढ.

बाकीचं पटकन सांगते. ऑक्टोबर उत्तम, गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेले बघायचे तर एप्रिल-मे. हिवाळ्यात वाटा बर्फाखाली जातात. विमानासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घे, आधारवर विसंबू नकोस. नेपाळी रोकड खालीच करून घे. आपल्या शंभराचे त्यांचे १६० होतात. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे कर.

नव्या तारखा कळव. माझी जाड स्लीपिंग बॅग घेऊन जा. तिची चेन पायाकडे अडकते. ओढू नकोस, आधी थोडी मागे घे.

ताई